सम्राटाचे पदक आणि कलावंताचा नकार

साहित्यिकाचा आणि कलावंताचा सन्मान राज्यसंस्थेने करावा की करू नये, या प्रश्नावर आपल्याकडे वाद पुष्कळ झाले आहेत. हे वाद बहुधा दोन टोकांना जातात. राजमान्यता मिळाली की लेखक संपला, असे एक टोक म्हणते. ज्या समाजाने कलावंताला उपाशी ठेवले त्या समाजाला सरकारी गौरवाला नावे ठेवण्याचा अधिकार काय, असे दुसरे टोक विचारते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे आणि म्हणूनच वाद पुढे सरकत नाही. तो पुढे सरकावा यासाठी जपानचे उदाहरण तपासून पाहण्याजोगे आहे. जपानात सिंहासन आहे, लोकशाही राज्यघटना आहे, महायुद्धाची आणि पराभवाची स्मृती आहे, आणि कलावंतांना गौरविण्याची अत्यंत नेटकी सरकारी व्यवस्थाही आहे. दरवर्षी ३ नोव्हेंबरला टोकियोच्या राजवाड्यात या चारही गोष्टी एकत्र येतात.

ही तारीखच बोलकी आहे. ३ नोव्हेंबर हा मेजी सम्राटाचा जन्मदिवस. युद्धापूर्वी तो राजनिष्ठेचा सण म्हणून पाळला जात असे. १९४६ साली याच दिवशी जपानची नवी राज्यघटना प्रसिद्ध झाली. लोक सार्वभौम आहेत आणि सम्राट हे केवळ राष्ट्राचे प्रतीक आहे, असे सांगणारी ही घटना. १९४८ पासून हा दिवस ‘संस्कृतिदिन’ म्हणून पाळला जातो. सम्राटाचा वाढदिवस साजरा करणाऱ्याला तो करता येतो आणि घटनेचा वाढदिवस साजरा करणाऱ्यालाही करता येतो. या दिवशी दिले जाणारे ‘बुन्का कुन्शो’, म्हणजे संस्कृतिपदक, हे जपानमधील कलावंताच्या, साहित्यिकाच्या आणि विद्वानाच्या वाट्याला येणारे सर्वोच्च राष्ट्रीय भूषण होय.

पदक दिसायला मोठे सुबक आहे. ताचिबाना नावाच्या नारिंगाच्या जातीच्या झाडाचे पांढरे पाच पाकळ्यांचे फूल, मध्यभागी प्राचीन जपानी मण्यांची आकृती आणि जांभळी फीत. आधी चेरीच्या फुलाची कल्पना होती. पण चेरी फुलते आणि गळते, संस्कृती चिरंतन हवी, म्हणून सदाहरित ताचिबाना घ्यावे असे खुद्द सम्राट हिरोहितोंनी सुचविले, असे सांगितले जाते. इतर जपानी पदकांत पहिला वर्ग, दुसरा वर्ग अशी उतरंड दीर्घकाळ होती. या पदकाला वर्ग नाहीत. इथपर्यंत कोणालाही आक्षेप घेण्याचे कारण नाही.

आक्षेपाची जागा जन्मतारखेत आहे. हे पदक ११ फेब्रुवारी १९३७ रोजी शाही आज्ञेने निर्माण झाले. ११ फेब्रुवारी म्हणजे पुराणातील पहिला सम्राट जिम्मु याच्या राज्यारोहणाचा मानलेला दिवस. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पहिल्या नऊ जणांना पदके मिळाली. त्यांत कादंबरीकार रोहान कोदा होते, चित्रकार ताइकान योकोयामा होते, पदार्थवैज्ञानिक हान्तारो नागाओका होते. सर्वच आपापल्या क्षेत्रातील थोर माणसे. जुलैमध्ये पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर गोळीबार झाला आणि चीनविरुद्धचे उघड युद्ध सुरू झाले. डिसेंबरमध्ये जपानी सैन्य नानकिंगमध्ये शिरले. तेथे काय झाले ते जगाला ठाऊक आहे. संस्कृतीचे पदक आणि नानकिंगची कत्तल या एकाच वर्षातील, एकाच राजमुद्रेखालील घटना आहेत.

याला योगायोग म्हणून सोडून देता येईल काय? योकोयामांचे उदाहरण घ्या. जपानी चित्रपरंपरेला नवे आयुष्य देणारा हा चित्रकार १९०३ साली कलकत्त्याला आला होता, ठाकुरांच्या घरी राहून-वावरून गेला होता. त्याच योकोयामांनी १९४० साली पर्वताची दहा आणि समुद्राची दहा अशी वीस चित्रे काढली, ती विकून आलेले पाच लाख येन सैन्याला आणि आरमाराला दिले, आणि त्या पैशांतून चार लढाऊ विमाने घेण्यात आली. विमानांवर चित्रकाराचे नाव होते. पुढे १९४३ साली चित्रकारांच्या ‘देशसेवा’ संघटनेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले. योकोयामा लाचार नव्हते. त्यांना जे पटले ते त्यांनी केले. प्रश्न लाचारीचा नाहीच. राज्यसंस्थेने कोणाला जवळ केले आणि जवळ केलेल्याकडून तिला काय मिळाले, हा प्रश्न आहे.

आणि जो जवळचा नव्हता त्याचे काय झाले? ताकिजी कोबायाशी होक्काइदोमधील ओतारू या बंदरगावी बँकेत नोकरी करीत होता. १९२९ साली त्याने ‘कानिकोसेन’ ही कादंबरी लिहिली. उत्तरेच्या गोठलेल्या समुद्रात खेकडे पकडून जहाजावरच ते डबाबंद करणाऱ्या मजुरांची ही कथा. तिच्यात एकटा नायक नाही. मजुरांचा समूह हाच नायक. कादंबरी बाहेर आली, त्याच वर्षी बँकेने त्याला काढून टाकले. २० फेब्रुवारी १९३३ रोजी विशेष पोलिसांनी त्याला टोकियोत पकडले आणि त्याच दिवशी त्सुकिजी पोलीस ठाण्यातील छळाने तो मेला. पोलिसांनी कारण दिले हृदयविकाराचे. प्रेताची तपासणी करायला एकही रुग्णालय तयार झाले नाही. वय एकोणतीस. संस्कृतिपदक स्थापन होण्यास अजून चार वर्षे होती.

कोबायाशी ज्या लेखकाला गुरुस्थानी मानीत असे तो नाओया शिगा. शिगा समाजवादी नव्हते. कलेने राजकारणाचे ओझे वाहू नये असे मानणाऱ्यांपैकी होते. तरी कोबायाशीच्या मृत्यूनंतर त्यांनी त्याच्या आईला सांत्वनाचे पत्र लिहिले. त्या दिवसांत असे पत्र लिहायला धैर्य लागत असे. शिगांना संस्कृतिपदक मिळाले १९४९ साली. त्याच वर्षी ते जुनिचिरो तानिझाकींनाही मिळाले. तानिझाकींची ‘सासामेयुकी’ ही ओसाकातील चार बहिणींची कादंबरी १९४३ साली मासिकात क्रमशः येऊ लागली होती. तिच्यात विवाहाच्या बोलण्या, किमोनो आणि चेरीचा बहर एवढेच होते; युद्धाचे गुणगान नव्हते. एवढ्या कारणाने ती बंद पाडण्यात आली. मग तानिझाकींनी १९४४ साली पहिला भाग स्वखर्चाने छापून मित्रांना वाटला, तर त्यावरही ताकीद मिळाली. सहा वर्षांपूर्वी जिने कादंबरी बंद पाडली, त्याच राज्यसंस्थेने सहा वर्षांनी लेखकाच्या छातीवर फूल लावले. मधल्या काळात सरकार बदलले होते, घटना बदलली होती. पदक मात्र तेच राहिले, आणि त्याच्या मागचे नावही तेच राहिले.

नव्या घटनेने काही बदलले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. घटनेच्या १४ व्या कलमाने सरदारवर्ग रद्द केला आणि कोणत्याही सन्मानाबरोबर कोणताही विशेषाधिकार येणार नाही, असे स्पष्ट बजावले. आपल्या घटनेच्या १८ व्या कलमाने किताब रद्द केले, त्याच जातीची ही तरतूद आहे. (आपल्याकडे या तरतुदीचा अर्थ लावताना १९७७ साली जनता पक्षाच्या सरकारने पद्म सन्मान थांबविले आणि १९८० साली ते पुन्हा सुरू झाले, हे स्मरणात असेलच.) जपानपुढे अडचण अशी आली की युद्धोत्तर हलाखीत म्हाताऱ्या लेखकाला, चित्रकाराला नुसते पदक देऊन भागणारे नव्हते, त्याला पैसाही हवा होता. पण पदकाबरोबर पैसा दिला तर तो विशेषाधिकार ठरेल. यावर १९५१ साली एक कायदेशीर युक्ती निघाली. ‘बुन्का कोरोशा’, म्हणजे संस्कृतीची विशेष सेवा केलेली व्यक्ती, असा एक वेगळा वर्ग कायद्याने निर्माण करण्यात आला आणि त्या वर्गाला तहहयात निवृत्तिवेतन ठेवले. पदकाला पैसा नाही आणि पैशाला पदक नाही; पण पदक ज्यांना मिळते ते प्रायः या वर्गातूनच निवडले जातात. आज हे वेतन वर्षाला ३५ लाख येन आहे. घटनेचे शब्द पाळून घटनेला वळसा कसा घालावा, याचा हा नमुना म्हणावा लागेल. पण तो कलावंताच्या पोटासाठी घातलेला वळसा आहे, हेही तितकेच खरे.

मित्रहो, येथे एक भेद लक्षात घ्यायला हवा. वृद्ध कलावंताच्या निर्वाहाची काळजी वाहणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे आणि समाजवादी विचाराच्या माणसाला त्याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. कलावंतांची प्रतवारी लावून त्यातील श्रेष्ठांना सिंहासनासमोर उभे करणे हे निराळे कृत्य आहे. जपानमध्ये ही दोन कृत्ये एकमेकांत इतकी गुंतली आहेत की नकार देणाऱ्याला दोन्हींचे गणित सोडवावे लागते.

नकार देणारे होते. त्यांतील सर्वांत गाजलेला नकार केन्झाबुरो ओए यांचा. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये ओएंना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. यापूर्वी साहित्याचे नोबेल मिळविणारे जपानी लेखक यासुनारी कावाबाता. त्यांना संस्कृतिपदक नोबेलच्या सात वर्षे आधी, १९६१ सालीच मिळाले होते. ओएंच्या बाबतीत सरकारला स्टॉकहोमहून बातमी येईपर्यंत जाग आली नव्हती. बातमी येताच धावपळ करून त्यांना पदक देण्याचे ठरले, आणि ओएंनी ते नाकारले. लोकशाहीहून श्रेष्ठ असे कोणतेही मूल्य किंवा कोणतीही सत्ता आपण मानीत नाही, असे कारण त्यांनी दिले. युद्धोत्तर लोकशाहीचा माणूस म्हणून हे पदक आपल्याला शोभणार नाही, असा त्यांचा रोख होता.

हे शब्द पोकळ नव्हते. शिकोकू बेटावरील एका जंगलातल्या खेड्यात १९३५ साली ओएंचा जन्म झाला. सम्राटाने मरण्याची आज्ञा केली तर काय करशील, असे शाळेत मास्तर विचारीत आणि पोट चिरून मरेन, असे उत्तर मुलांनी द्यायचे असे. दहा वर्षांचा असताना याच मुलाने रेडिओवर सम्राटाचा आवाज ऐकला. तो शरणागती सांगणारा, साध्या माणसाचा आवाज होता. देव बोलत नव्हता. पुढे हिरोशिमाच्या बाधितांवर आणि ओकिनावावर त्यांनी जे लिहिले, त्यातही हाच प्रश्न आहे: कोणाच्या नावाने माणसांना मरायला लावले गेले? ‘ओकिनावा टिपणे’ या पुस्तकावरून २००५ साली त्यांच्यावर खटला भरण्यात आला. सैन्याने ओकिनावातील सामान्य लोकांना सामूहिक आत्महत्येकडे ढकलले, हे लिहिणे बदनामी आहे असा दावा होता. २०११ साली सर्वोच्च न्यायालयातही ओएंच्या बाजूचाच निकाल कायम राहिला. ज्याच्या नावाने ते सारे घडले त्याच सिंहासनाच्या नावाने येणारे फूल छातीवर लावणे त्यांना शक्य नव्हते.

पण या प्रसंगाला आणखी एक बाजू आहे आणि समाजवाद्यांनी ती विसरता कामा नये. १९९४ साली ओएंना पदक देऊ करणारे सरकार कोणाचे होते? पंतप्रधान होते तोमिइची मुरायामा, म्हणजे जपानच्या समाजवादी पक्षाचे अध्यक्ष! शेकडा शंभर प्रामाणिक, साध्या राहणीचा, कामगार चळवळीतून वर आलेला हा माणूस जूनमध्ये उजव्या लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाशी युती करून पंतप्रधान झाला आणि जुलैमध्ये त्याने संसदेत जाहीर केले की जपानची ‘स्वसंरक्षण दले’ घटनेला धरून आहेत. दशकानुदशके पक्षाने याच्या उलट सांगितले होते. ऑक्टोबरमध्ये ज्या लेखकाने घटनेच्या नवव्या कलमासाठी आयुष्य वेचले, त्याच्या दारी समाजवादी पंतप्रधानाच्या सरकारचे पदक गेले आणि परत आले. सत्तेत जाताना पक्षाने जे सोडून दिले ते त्या एकट्या लेखकाने धरून ठेवले होते. नंतर त्या पक्षाची संसदेतील ताकद कशी विरून गेली, हे सर्वविदित आहे.

ओएंवर टीकाही झाली. उजव्या गटांनी त्यांच्या घरापुढे निदर्शने केली. ती अपेक्षितच होती. विचारात घेण्यासारखा आक्षेप वेगळा आहे. स्वीडनच्या राजाच्या हातून नोबेल घेणाऱ्याने आणि २००२ साली फ्रान्सचे ‘लीजन ऑफ ऑनर’ घेणाऱ्याने स्वदेशाचे पदक नाकारावे, हे कसे? त्याला उत्तर आहे. स्वीडनच्या राजाच्या नावाने ओएंच्या गावातील मुलांना मरायला सांगितले गेले नव्हते. तरीही फ्रान्सच्या पदकाबाबत हे उत्तर पूर्ण समाधान करीत नाही, कारण ज्या साम्राज्याचा तो सन्मान आहे त्याचे हात अल्जीरियात आणि इंडोचायनात काही स्वच्छ नव्हते. हा थोडासा विसंवाद ओएंच्या खाती मांडावाच लागेल.

दुसऱ्याच वर्षी, १९९५ साली, मुरायामा पंतप्रधान असतानाच आणखी एक नकार आला. तो रंगभूमीवरून आला. हारुको सुगिमुरा ही जपानच्या आधुनिक रंगभूमीची सम्राज्ञी. ओझूंचा ‘टोकियो स्टोरी’ पाहिलेल्यांना त्यातील व्यवहारी, फटकळ थोरली मुलगी आठवेल. ती सुगिमुराबाईंनी साकारली होती. त्यांची ‘बुन्गाकुझा’ ही नाटकमंडळीही १९३७ सालचीच. बाँबवर्षावाच्या छायेत एप्रिल १९४५ मध्ये टोकियोत ‘एका स्त्रीचे आयुष्य’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्यातील नायिकेची भूमिका त्यांनी पुढे नऊशेहून अधिक वेळा केली. निवृत्तिवेतनाचा सन्मान त्यांनी १९७४ साली स्वीकारला होता. पदक मात्र नको म्हणाल्या. पाठीवर पदकाचे ओझे घेऊन रंगमंचावर जाणे नको, मोकळेपणी नाटक करायचे आहे, हे एक कारण. युद्धात मेलेल्या नटनट्यांना मागे टाकून आपण सन्मान कसा घ्यावा, हे दुसरे.

या दुसऱ्या कारणामागे काय होते, ते जपानी प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नाही. ६ ऑगस्ट १९४५ रोजी ‘साकुराताई’ नावाची फिरती नाटकमंडळी हिरोशिमात मुक्कामाला होती. तिच्यातील नऊच्या नऊ कलावंत अणुबाँबने गेले. त्यांचा नायक, समर्थ नट सादाओ मारुयामा, दहा दिवस यातना भोगून मेला. सुगिमुरा मूळच्या हिरोशिमाच्या.

सर्वच नकार असे तत्त्वाच्या तोफा घेऊन आलेले नाहीत, हे बरेच म्हणायचे. चित्रकार मोरिकाझु कुमागाई यांना १९६७ साली पदकाबद्दल विचारण्यात आले. मुंग्या, मांजरे, पावसाचे थेंब यांची चित्रे काढणारा, आपल्या टोकियोतील लहानशा बागेबाहेर वर्षानुवर्षे फारसा न पडलेला हा म्हातारा म्हणाला की आणखी माणसे घरी येऊ लागली तर पंचाईत होईल. १९७२ साली दुसरे पदक देऊ केले, तेही त्याने घेतले नाही. सत्तेची इतकी साधी आणि इतकी संपूर्ण उपेक्षा एखाद्या क्रांतिकारकालाही साधत नाही.

कुंभारांची गोष्ट याहून विचार करायला लावणारी आहे. कांजिरो कावाई आणि शोजी हामादा हे विद्यार्थिदशेपासूनचे मित्र. सोएत्सु यानागींबरोबर या दोघांनी ‘मिंगेइ’ म्हणजे लोककलेची चळवळ उभारली. अनाम कारागिराने रोजच्या वापरासाठी केलेल्या भांड्यात जे सौंदर्य असते ते नामांकित कलावंताच्या कृतीत असतेच असे नाही, हा तिचा सिद्धान्त. कावाई आपल्या भांड्यांवर सही करीत नसत. १९३७ साली, पुन्हा तेच वर्ष, पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांच्या कामाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले ते एका चाहत्याने परस्पर भांडी पाठविली म्हणून. १९५५ साली त्यांनी संस्कृतिपदक नाकारले. ‘निन्गेन कोकुहो’ म्हणजे ‘जिवंत राष्ट्रनिधी’ हा सन्मान आणि कला-अकादमीचे सभासदत्वही घेतले नाही. क्योतोतील आपल्या भट्टीपाशी ते अखेरपर्यंत बिनपदवीचे कुंभार राहिले. हामादांनी त्याच १९५५ साली राष्ट्रनिधीचा सन्मान घेतला आणि १९६८ साली पदकही. दोघेही थोर, दोघांची भांडी शेजारी ठेवली तर पदक कोणाच्या मातीत आहे ते ओळखता येणार नाही.

हामादांनी चळवळीशी द्रोह केला असे म्हणणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. कारण ‘राष्ट्रनिधी’ ही योजना पदकाहून मुळातच निराळ्या जातीची आहे. तिचा उगम एका आगीत आहे. २६ जानेवारी १९४९ रोजी नाराजवळच्या होर्युजी मठातील मुख्य मंदिरात, भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे काम चालू असतानाच आग लागली आणि सुमारे साडेबाराशे वर्षांपूर्वीची चित्रे जळून करपली. अभ्यासकांनी ज्यांचे नाते अजिंठ्याच्या लेण्यांशी जोडले आहे तीच ही चित्रे. काम्पो आराई या चित्रकाराने तर तरुणपणी अजिंठ्यात येऊन तेथील चित्रांच्या नकला केल्या होत्या आणि उतारवयात होर्युजीच्या नकला करता करता १९४५ साली तो वारला. त्या आगीने जपान हादरला आणि १९५० साली सांस्कृतिक संपत्तीच्या रक्षणाचा कायदा झाला. त्यात एक नवी दृष्टी होती: देऊळ आणि मूर्ती ही जशी संपत्ती तशीच माणसाच्या हातातील विद्या हीही संपत्ती. विणकर, लोहार, कागद करणारा, बाहुल्यांच्या खेळाचा सूत्रधार यांच्या अंगचे कसब मरू नये म्हणून राज्यसंस्थेने जबाबदारी घ्यायची. १९५५ पासून अशा कसबाचे धारक निवडले जाऊ लागले. त्यांना आज वर्षाला २० लाख येन मिळतात. ते बक्षीस नसून विद्या पुढच्या पिढीला शिकविण्यासाठी, हत्यारांसाठी, शिष्यांसाठी दिलेले साहाय्य आहे. येथे सिंहासन नाही. माणसाचा गौरव होतो तो त्याच्या हातातील विद्येपुरता, आणि त्या गौरवाबरोबर शिकविण्याचे काम येते. कावाईंनी तेही नाकारले. राज्यसंस्थेने एका नावावर शिक्का मारला की बाकीचे अनाम हात आणखी अनाम होतात, ही त्यांच्या चळवळीचीच शिकवण होती. हामादांना शिष्य घडवायचे होते. या दोघांत निवाडा करणे कठीण आहे.

पदकाचा परीघ हळूहळू रुंदावत गेला, हेही नोंदवायला हवे. १९४८ साली शोएन उएमुरा या चित्रकर्तीला ते मिळाले आणि पहिल्यांदा एका स्त्रीचे नाव यादीत आले. चित्रपटाला १९८५ साली अकिरा कुरोसावांच्या रूपाने प्रवेश मिळाला. २०२४ साली तेत्सुया चिबा या चित्रकथाकाराला ते मिळाले. रोजंदारीच्या मजुरांच्या वस्तीतून वर येणाऱ्या मुष्टियोद्ध्याची कथा रेखाटणारा हा कलावंत. मात्र दुसऱ्या दिशेनेही एक पाऊल पडले. पूर्वी सम्राटाच्या उपस्थितीत पंतप्रधान पदक देत. १९९७ पासून सम्राट स्वतःच्या हाताने देतात.

कोबायाशीचे काय? त्याला कोणते पदक मिळणार? २००८ साली, कंत्राटी आणि हंगामी कामावर जगणाऱ्या जपानी तरुणांनी ‘कानिकोसेन’ अचानक हाती घेतली. एकोणऐंशी वर्षांपूर्वीच्या या कादंबरीच्या लाखो प्रती एका वर्षात खपल्या.

ओए ३ मार्च २०२३ रोजी वारले. संस्कृतिपदकाच्या अधिकृत यादीत त्यांचे नाव नाही, सुगिमुरांचे नाही, कुमागाई आणि कावाई यांचेही नाही. पदक जाहीर करण्याआधी संबंधित व्यक्तीला खाजगीत विचारून तिची संमती घेतली जाते आणि जो नको म्हणतो त्याचे नाव कागदावर येतच नाही. ज्यांनी आपला नकार बोलून दाखविला, तेवढेच नकार जगाला कळलेले आहेत.